समोरचं स्टूल

१

रंगीत काच हातात द्यायच्या आधी सत्यभामाबाईंनी मला कितीतरी महिने खिडकीची साधी काच कापायला लावली. भंगारातून आणलेली, कडांना वाळलेली पुट्टी चिकटलेली काच. आधी सरळ रेघ, मग बाक, मग गोल. कटर एकदा चालू झाला की मधे थांबायचं नाही. रेघ नीट पडली तर किर्र असा बारीक, सलग आवाज येतो, आणि मग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं की काच टक् करून सुटते. चुकलं की आवाज तुटतो. बाई पाठमोऱ्या असल्या तरी त्यांना ते कळायचं.

"थांबली तू," त्या म्हणायच्या. "काहून थांबली?"

मी कौमुदी. बाबा रेल्वेत होते, वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी नवा रायपूरमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत होते. एकदा बाईंनी केलेली खिडकी कुठल्याशा कामासाठी आमच्या ऑफिसात आली आणि भिंतीला टेकवून ठेवली गेली. दुपारी तिच्यातून ऊन आलं, माझ्या कागदावर निळं आणि जांभळं सांडलं. त्या दिवशी मी पेन्सिल उचललीच नाही. पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. बाबा तेव्हा नव्हते. आई, म्हणजे इंदू, नातेवाइकांना सांगायची, "आमची पोट्टी एवढी शिकली, अन् आता काचा फोडून राहिली."

बाईंचं घर तेलीबांध्याच्या तलावामागच्या एका गल्लीत होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत खालून दिवे लावलेलं मोठं काचेचं टेबल होतं. त्याच्या एका बाजूला बाईंचं स्टूल, खिडकीकडे पाठ करून. समोर माझं. मागच्या खोलीत मोरी, भट्टी आणि काचांच्या उभ्या फळ्या. बाई तरुणपणी कलकत्त्याला, चर्चच्या जुन्या काचा दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे शिकल्या होत्या. सत्तरी उलटून गेली होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण हात कापत नव्हता.

दोन वर्षांनी त्यांनी मला पहिल्यांदा लाल काच दिली. म्हणाल्या, "आता चुकली तरी चालते. आता तुले कळते, कुठं चुकली ते."

२

मग मोठं काम आलं. नवा रायपूरमध्ये एका नव्या संस्थेची इमारत उभी राहत होती. तिच्या ग्रंथालयाच्या जिन्यावर पूर्वेला दोन मजले उंच खिडकी हवी होती. बाईंनी सालवन काढलं. चैत्रात सालवृक्षाला पालवी फुटते तेव्हा ती हिरवी नसते, तांबूस असते. ते तांबूस, मधून सरळ वर जाणारी खोडं, खाली उन्हाचे कवडसे. खऱ्या मापाचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी टेबलावर पसरायचं, त्यावर प्रत्येक काच कापून ठेवायची, भाग पुरा झाला की शिशाच्या पट्टीत बसवायचा. लोखंडी चौकटी उरला औद्योगिक वसाहतीतले प्रल्हादभाऊ करणार होते. ते बाईंचे जुने वेल्डर, गोंदियाकडचे.

एक दिवस मी मागच्या खोलीत काचा धुऊन पुढे आले, तर चित्रातल्या एका खोडावर एक तुकडा ठेवलेला होता. धुरकट रंगाचा. ना तपकिरी, ना हिरवा. संध्याकाळी चुली पेटल्यावर वस्तीवर जो धूर थांबून राहतो, तसा.

बाई बाहेरून आल्या. तुकडा उचलून त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

"वा! घासायची पण गरज नाई. हात बसला बरं तुह्या."

"मी नाही कापली, बाई. तुम्हीच कापली असेल."

"मी कायले कापू? खोडाले तपकिरी ठरली न आपली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् ही काच आणली कुठून तू?"

मी फळ्या पाहिल्या. तसली काच आमच्याकडे नव्हती. मला वाटलं, बाईंकडे कुठला तरी जुना तुकडा पडलेला असेल, त्यांनी कापला आणि विसरल्या. त्यांना तसं म्हणणं बरं दिसलं नसतं. मीच कापून विसरले, असं त्यांना माझ्याबद्दल वाटत असावं. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेत गप्प बसलो.

३

त्यानंतर असे तुकडे येत राहिले. रोज नाही. पण टेबलाजवळ कोणी नसलं आणि परत येऊन पाहिलं, की एखादं खोड भरलेलं असायचं. तुकडा बरोबर बसायचा, केसाइतकीही फट नाही.

आणि आवाज. मी मोरीत हात धुवत असले की पुढून किर्र ऐकू यायचं. मग टक्. मला वाटायचं, बाई बसल्या कामाला. एकदा तो आवाज चालू असतानाच मागच्या जाळीतून मला बाई दिसल्या. अंगणात तुळशीपाशी उभ्या राहून त्या प्रल्हादभाऊंना चौकटीचं माप समजावत होत्या.

मी नळ बंद केला. आवाज तसाच चालू होता, सलग, कुठेही न तुटणारा. टक् झालं. मी पुढे गेले. खोलीत कोणी नव्हतं. टेबलाखालचे दिवे लागलेले होते.

शेजारी नवीन घर बांधलं जात होतं. टाइल्स कापायचं मशीन दिवसभर चालायचं. मी स्वतःला सांगितलं की आवाज तिकडचा आहे, भिंतीतून बारीक होऊन येतो. हे खोटंही नव्हतं, मशीन खरंच चालू होतं. फक्त कापणाऱ्याने रेघ कशी ओढली हे मला आता आवाजावरून कळायला लागलं होतं, आणि एवढी चांगली रेघ मी कधी ऐकली नव्हती. बाईंचीसुद्धा नाही.

त्या दिवशी बाई माझ्यावर चिडल्या.

"तुले माह्या रंग पसंत नसन, तर तोंडानं सांग. मागून मागून असे तुकडे काहून ठेवून राहिली?"

"बाई, शपथ घेऊन सांगते, मी नाही."

"मग कोण? मांजर?"

मला रडू आलं. बाईंनी एक धुरकट तुकडा उचलून डोळ्यापाशी धरला. आम्ही प्रत्येक काच अशी बघतो, आत बुडबुडा किंवा चीर आहे का ते पाहायला. बाईंनी तुकड्यातून आधी दिव्याकडे पाहिलं आणि मग सहज खोलीकडे.

त्या तशाच राहिल्या. हात खाली आला नाही.

"कौमुदी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तू कुठं उभी आहेस?"

"इथं. दाराशी."

"हव." त्यांनी तुकडा खाली ठेवला, तोही उलटा, जणू तोंड झाकून. "उद्यापासून हे तुकडे खिडकीत नाई लावायचे. त्या ट्रेमध्ये ठेव. फडकं टाक वरतून. अन् तू नको पाहू त्यातून."

"काय दिसलं?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं माह्या," बाई म्हणाल्या. "कायबी दिसते."

४

मला वाटलं होतं, बाई घाबरतील, काही दिवस काम बंद ठेवतील. झालं वेगळंच. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा बाई माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचं स्टूल रिकामं होतं, पण टेबलाच्या अगदी जवळ सरकवलेलं, कोणी बसल्यावर असतं तसं. बाईंच्या समोर भंगारातली साधी काच होती आणि त्या सरळ रेघा कापत होत्या.

"बाई, हे काय?"

"रेघ काढून राहिली."

"पण तुम्हाला..."

"गप," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून त्यांनी मान डोलावली, ओशाळल्यासारखी, आणि नवी काच पुढे ओढली.

मी मागच्या खोलीत माझ्यासाठी पाट टाकला. तिथेच फळीवर तुकडे ठेवून तपकिरी काच कापायला लागले. मधल्या दारातून बाईंची पाठ दिसायची. एवढ्या वयाची बाई पाठ ताठ करून बसायची, कोपर अंगाला चिकटवून, जसं मी पहिल्या दिवसांत बसायचे. रेघ ओढून झाली की हात मागे घ्यायची आणि वाट बघायची. कधी ती खुशीत मान डोलवायची. कधी ती काच बाजूला टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मी विचारलं, "बाई, कोणाला विचारता?"

"शिकून राहिली मी," बाई म्हणाल्या. आवाजात लाज होती आणि आनंदही. "मले वाटे, येते मले. काय येत होतं? काहीच नाई."

ट्रेमधल्या फडक्याखाली तुकडे वाढत होते. ते कोण ठेवतं, हे मी विचारणं सोडून दिलं.

५

मी बाईंच्या भाच्याला, शार्दूलला फोन केला. तो शंकरनगरला राहायचा, कुठल्याशा बँकेत होता. घरी मराठी बोलायचे, पण तो हिंदीतच उत्तर द्यायचा.

तो आला, बाईंशी बसून चहा प्यायला, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळे पाहिले, रक्त तपासलं, दोन-चार प्रश्न विचारले. बाईंनी सगळ्याची नीट उत्तरं दिली.

"दीदी, बुआ एकदम फिट हैं," शार्दूल गेटपाशी मला म्हणाला. "थोडा अकेलापन है, बस. आप हैं ना, तो मुझे टेन्शन नहीं."

"शार्दूल, त्या समोर कोणाशी तरी बोलतात."

"हमारे यहां सब बोलते हैं," तो हसला. "मेरी दादी मिक्सर से बात करती थी."

त्याचं चुकत नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. बाई जेवत होत्या, झोपत होत्या, खिडकीचं काम मुदतीत होत होतं. उलट त्यांचा हात इतका सुधारला होता की मला त्यांच्या शेजारी काम करायची भीती वाटायला लागली होती. पालवीतली सगळ्यात अवघड पानं, आतल्या बाजूला खोल वळणाची, जी कापताना काच हमखास तडकते, ती त्या एकामागून एक कापत होत्या. एकही तडकत नव्हती.

फक्त एक गोष्ट मी शार्दूलला सांगितली नाही. सकाळी मी "बाई, येऊ का?" म्हणून दारात उभी राहिले की त्या वर बघायच्या, आणि मी कोण हे आठवायला त्यांना वेळ लागायचा. तो वेळ दिवसेंदिवस वाढत होता. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "तुह्या आईनं पाठवलं का तुले? शिकाले?"

"बाई, मी कौमुदी."

"असं," बाई म्हणाल्या. आणि मग, एखादी गोष्ट कशीबशी घट्ट धरून ठेवावी तशा, भरभर म्हणाल्या, "तू ना कौमुदी, मागच्याच खोलीत बसत जा. पुढं नको बसू. मी बोलावलं तरी नको येऊ."

६

शेवटच्या भागाचं सोल्डरिंग बाकी होतं. दुपारची वेळ, ऊन कडक. प्रल्हादभाऊ गल्लीत टेम्पोवर चौकटी चढवत होते. मी मागच्या खोलीत काचा पुसत होते, पुढे बाईंचा कटर चालला होता. त्यांचा आवाज आता मला ओळखू यायचा नाही, इतका तो सलग झाला होता.

वीज गेली. पंखा थांबला, शेजारचं मशीन थांबलं. गल्लीतली सगळी घरं एकदम गप्प झाली.

पुढे किर्र चालूच होतं. आणि ते दोन होते. दोन कटर, एकाच वेळी.

मी मनात म्हटलं, प्रतिध्वनी आहे. पंखा चालू असताना तो कळत नसेल. मी उठून मधल्या दारात गेले.

दोन्ही स्टुलं रिकामी होती. माझ्या जुन्या स्टुलाखाली बाईंची चप्पल होती. पुढचं दार आतून कडी लावून बंद. त्या दाराची कडी जुनी, गंजलेली, काढताना सगळ्या गल्लीला कळायचं. मी ती काढून बाहेर धावले.

"प्रल्हादभाऊ, बाई बाहेर आल्या का?"

"नाई ब्वा. मी इथंच हावो मघापासून." त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हातातली दोरी खाली ठेवली. "काय झालं?"

मी उत्तर न देता परत आत गेले. बाईंची झोपायची खोली, स्वयंपाकघर, मोरी. मागच्या दाराला कुलूप होतं, किल्ली खिळ्याला. पुन्हा पुढच्या खोलीत आले आणि उभी राहिले. टेबलापासून हातभर अंतरावर काच कापली जात होती. किर्र. टक्. किर्र. टक्. माझ्यासमोर काहीच नव्हतं.

ट्रेवरचं फडकं बाजूला पडलं होतं. मी सगळ्यात वरचा तुकडा उचलला. बाईंनी मला बजावलं होतं, ते आठवत होतं. पण बाई कुठेतरी असतील तर त्या मला बघायच्या होत्या. मी तुकडा डोळ्याला लावला.

खोली तीच होती, धुरकट. बाई स्टुलावर बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ, पदर कमरेला खोचलेला. टेबलाच्या पलीकडे दुसरं कोणी होतं. बाईंच्या डोक्याआड त्याचा चेहरा येत होता. मला फक्त टेबलावरचे हात दिसले. ते बाईंचे हात धरून रेघ शिकवत होते.

बाईंना मी कळले असावे. त्यांनी खांद्यावरून मागे वळून पाहिलं. त्यांनी मला ओळखलं, त्यात शंका नाही. त्यांनी एकदाच मान हलवली, नको म्हणून. लहान मुलाला भट्टीपासून दूर सारताना करतात तशी, घाईने, जीव तोडून.

आणि त्यांच्या पलीकडचं डोकं, मी कुठे आहे ते पाहायला, एका बाजूला झुकू लागलं.

मी तुकडा खाली टाकला. तो फुटला नाही.

"कौमुदीताई," प्रल्हादभाऊ दारातून म्हणाले, "कोनाशी बोलून राहिल्या तुमी?"

मी बोलत होते हे मला माहीत नव्हतं.

७

पोलीस झाले, तलावात शोधून झालं, पेपरात फोटो आला. शार्दूल बरेच दिवस स्टेशनवर आणि बस स्टँडवर फिरत होता. तो मला एकदाही रागावून बोलला नाही. मी त्याला काय पाहिलं ते सांगितलं नाही. कडी आतून होती एवढंच सांगितलं, आणि त्यावर पोलीस म्हणाले की घाबरलेल्या माणसाला असं वाटतं.

ट्रे मी फडक्यात बांधून प्रल्हादभाऊंना दिला. उरल्याला ते ज्या कारखान्यात जातात तिथल्या भट्टीत तो टाकला, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला त्यांच्यावर विश्वास आहे.

खिडकी मी माझ्या घरी पुरी केली. गच्चीवर ताडपत्री बांधून. बाईंचं काम अर्धवट ठेवणं मला जमलं नसतं. ती बसवली तेव्हा उद्घाटनाला मोठी माणसं आली, कोणीतरी भाषणात बाईंचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. जिन्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या अंगावर तांबूस ऊन पडलं होतं. संस्थेच्या एका मॅडमनी मला विचारलं, मुलींना हे शिकवाल का, आम्ही वर्ग सुरू करतो. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मला वेळ नाही.

दुपारी घरी आले तेव्हा आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिचं शेंगा सोलणं थांबलं.

"अन् दुसरी जे होती," शेवटी ती म्हणाली, "ते कशी होती?"

"चेहरा नाही दिसला, आई. हात दिसले फक्त."

"मग हात कसे होते?"

मला ते सांगायला शब्द शोधावे लागले. "नवे," मी म्हटलं. "काच कापणाऱ्या माणसाच्या हाताला खुणा असतात. बाईंची तर दोन बोटं पार चिरलेली होती. त्या हातांवर काहीच नव्हतं. कधीच काही लागलं नाही असे हात. इतकं चांगलं काम, आणि एक ओरखडा नाही."

आईने सूप बाजूला ठेवलं. माझे दोन्ही हात तिने मांडीवर ओढून घेतले, उताणे केले, उन्हात धरले. तळव्यावरून, बोटांवरून तिचा अंगठा फिरत राहिला. एकेक बोट ती उलटून बघत होती, मी लहान असताना शाळेत जाण्याआधी नखं बघायची तशी.

"मागच्या दिवाळीले टाके पडले होते न तुले?" ती म्हणाली. "याच हाताले?"

"हो. डाव्या अंगठ्याला."

आईने अंगठा जवळ नेला. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"भरून आलं असेल," मी म्हटलं.

टाक्यांच्या जागी साधी रेघसुद्धा नव्हती. तिने माझा हात सोडला नाही.